गाडी तटाबाहेर: व्हॅनने जेनोआ ते कार्ताहेना, कामाच्या नोंदी

आम्ही दोघं, राहणं जर्मनीत श्टुटगार्टजवळ. गाडी 2013ची फियाट डुकाटो, डिझेल इंजिन, प्रदूषणाच्या युरो 5 निकषातलं, लांबी 5.41 मीटर. मूळची एका सुताराची मालवाहू गाडी, 1,68,000 किलोमीटर झालेली, 11,800 युरोंना घेतली. ती राहण्याजोगी करायची आणि सप्टेंबरात इटलीतल्या जेनोआपासून स्पेनमधल्या कार्ताहेनापर्यंत भूमध्य समुद्राच्या काठची जुनी शहरं बघायची, एवढं ठरवून कामाला लागलो. सुतारकाम नवऱ्याकडे, वायरिंग माझ्याकडे. नोंदी रोज वहीत लिहिल्या होत्या, त्या इथे उतरवते आहे. असं काही करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना आमच्या चुका तरी उपयोगी पडतील.

4 मार्च 2023

मागचा प्लायवूडचा तळ उचकटला. खाली गंज. वरवरचा वाटला, पण स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन ठिकाणी आरपार गेलं. आजचं काम होतं इन्सुलेशन चिकटवायचं, ते राहिलं. गंज घासून प्रायमर लावायला आणि भोकांवर पत्रा बसवून घ्यायला तीन शनिवार आणि 340 युरो गेले. गाडी घेताना तळ उचलून बघितला नव्हता. तुम्ही बघा. विकणारा नको म्हणाला तर त्या गाडीपासून उठा.

2 एप्रिल

पलंग आडवा घालायचा हे पहिल्यापासून ठरलेलं, म्हणजे छोट्या गाडीत जागा वाचते. रिकाम्या पत्र्याच्या आत 187 सेंटिमीटर मोजले होते. नवरा 178 उंच, म्हणजे ऐसपैस झोपेल असं धरून चाललो. आज दोन्ही बाजूंना 19 मिलिमीटरचं इन्सुलेशन, त्यावर पट्ट्या आणि प्लायवूड बसल्यावर मोजलं तर 178 भरले. तो आडवा झाला, डोकं एका भिंतीला, टाचा दुसऱ्या भिंतीला.

उपाय: पायांच्या बाजूचं प्लायवूड 60 सेंटिमीटर रुंदीत कापून काढलं. तिथे पत्र्याच्या दोन फासळ्यांमधली खोलगट जागा मोकळी केली, आत पातळ इन्सुलेशन लावून वर कापड चिकटवलं. सहा सेंटिमीटर मिळाले. चार मिळाले असते तरी मी आनंदाने उडी मारली असती. सगळं कच्चं उभं करून, आत झोपून बघून मगच कायमचं चिकटवायचं, हे आता आमच्या घरात भिंतीवर लिहिलेलं आहे.

22 एप्रिल

वायरिंग. 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, छतावर 175 वॉटचे दोन सोलर पॅनेल, आणि गाडी चालू असताना इंजिनाकडच्या बॅटरीतून मागची बॅटरी भरणारा 30 अँपिअरचा चार्जर. सामान मिळून 1,420 युरो. चार्जरची निगेटिव्ह तार चालकाच्या सीटखालच्या एका बोल्टला जोडली, बोल्ट घट्ट आवळला. मल्टिमीटरवर सगळं बरोबर दिसलं.

(या शेवटच्या दोन वाक्यांकडे सप्टेंबरात परत यावं लागलं.)

10 जून

मालवाहू गाडीची कागदोपत्री राहण्याची गाडी करायला तपासणी लागते. पलंग, स्वयंपाकाची सोय, सामानाची कपाटं आणि टेबल पक्कं असलं पाहिजे. पहिल्या खेपेला नापास झालो, कारण आमचं टेबल नुसतं उभं केलेलं होतं, जखडलेलं नव्हतं. तपासनीसाचं म्हणणं रास्त होतं: जोरात ब्रेक लागला तर ते मानेवर येईल. भिंतीला पट्टी आणि खाली पायाला खाच करून दुसऱ्यांदा गेलो. गॅसची तपासणी वेगळी. सगळं मिळून 290 युरो आणि रजेचे दोन दिवस.

12 ऑगस्ट

वजनकाट्यावर नेलं. या गाडीची मर्यादा 3,300 किलो. पाणी, डिझेल, आम्ही दोघं आणि सामान धरून 3,260 भरले. चाळीस किलो शिल्लक म्हणजे काहीच नाही. घरी येऊन अर्धं सामान उतरवलं. कणीक दहा किलोंवरून चारवर आली. लोखंडी तवा राहिला, तो मी उतरवू दिला नाही.

सायकली मागच्या स्टँडवर. इटली आणि स्पेनमध्ये मागे बाहेर आलेल्या सामानावर लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांचा 50 बाय 50 सेंटिमीटरचा फलक लागतो. इटलीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा घ्या.

15 सप्टेंबर, शुक्रवार

निघालो. स्वित्झर्लंडचं वर्षाचं स्टिकर 40 फ्रँक, एकच दिवस जायचं असलं तरी तेवढेच. सान बेर्नार्दिनोच्या बोगद्यातून पलीकडे उतरलो.

17 सप्टेंबर, जेनोआ

पहिली मोठी चूक. कागदपत्रांत गाडीची उंची 2.52 मीटर आहे आणि आमच्या डोक्यातही तेवढीच होती. शहराच्या कडेला एका पार्किंगच्या तोंडाशी 2.60चा आडवा बार टांगलेला होता. जाईल म्हणून आत घेतली. आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. छतावर बसवलेल्या पंख्याचं झाकण तडकून त्याचा तुकडा रस्त्यावर पडला. पॅनेल आणि पंखा बसवल्यावर उंची पुन्हा मोजलीच नव्हती. आज शिडी लावून मोजली: 2.67. आकडा ठळक लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवला. झाकण इथे मिळालं नाही, प्लास्टिकचा जाड कागद आणि चिकटपट्टीने भोक बंद केलं. म्हणजे पंखाही बंद झाला. त्याचे परिणाम पुढे दोन दिवसांनी.

गाडी तिथून बाहेर काढून डोंगराच्या अंगाला लावली आणि बसने खाली गेलो. जुन्या जेनोआच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. ही शहरं जहाजं, खेचरं आणि माणसांचे पाय यांच्यासाठी बांधलेली आहेत. त्यात साडेपाच मीटरची गाडी घेऊन शिरायची इच्छाच सोडून द्या. शहराबाहेर लावा, बस घ्या, चाला. पुढच्या सगळ्या गावांत आम्ही हेच केलं आणि जिथे नाही केलं तिथे पैसे भरले.

जेनोआत सोळाव्या शतकात एक पद्धत होती. राज्याचे पाहुणे आले की त्यांना उतरवून घ्यायची जबाबदारी शहरातल्या धनिकांच्या वाड्यांवर टाकत. त्या वाड्यांच्या प्रतवारीनुसार याद्या असत, 1576पासून. याद्यांना रोल्ली म्हणत, म्हणून ते रोल्लीचे वाडे. 2006 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. आज रात्र कुठे काढायची या विवंचनेत असताना त्यांतल्या एका दिंडीदरवाजासमोर उभी राहून मी ते वाचत होते.

जेवण म्हणून फारिनाता खाल्ली. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल, एवढंच. मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. नवरा दुसरा घास घेऊन म्हणाला, "अगं, हे आईचं बेसनाचं धिरडंच आहे, फक्त जिरं-मिरची राहिली." रात्री व्हॅनमध्ये लोखंडी तव्यावर जिरं-मिरची घालून करून बघितलं. छान झालं.

18 सप्टेंबर

उद्याच्या नैवेद्याला नारळ हवा म्हणून किनाऱ्यावरच्या एका जुन्या गावात थांबायला गेलो. फोनवरच्या नकाशाने सरळ गावाच्या पोटात नेलं. लाल कड्याची पांढरी गोल पाटी मला दिसली तेव्हा आम्ही तिच्या खालून गेलेलो होतो, वर कॅमेरा. इटलीत जुन्या गावांच्या गाभ्यात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. नकाशाला ते दर वेळी ठाऊक नसतं. नारळ मिळाला.

19 सप्टेंबर, गणेश चतुर्थी, इम्पेरियाच्या अलीकडे

आईने पेणहून चार इंचांची शाडूची मूर्ती पाठवली होती. सबंध प्रवास ती तांदळाच्या डब्यात, पिठाच्या दोन पिशव्यांच्या मधोमध. सुखरूप निघाली. मागचं दार उघडून, पलंगाच्या कडेवर पाट मांडून पूजा केली. दूर्वा नव्हत्या, कॅम्पिंगच्या मालकिणीने तिच्या वाफ्यातलं हिरवं गवत आणि जास्वंदीचं एक फूल आणून दिलं. आरती व्हिडिओ कॉलवर आईने म्हटली, आम्ही इकडून टाळ म्हणून दोन चमचे वाजवले.

मोदक उकडीचेच करायचे हा माझा हट्ट. कुकरची शिट्टी काढून, आत जाळी ठेवून तीन घाणे. डासांमुळे खिडक्या बंद आणि छतावरचा पंखा चिकटपट्टीखाली. पहिल्या घाण्यानंतर छताला थेंब लोंबायला लागले. तिसऱ्याला ते उशीवर पडत होते. मोदक उत्तम झाले, एकवीसच्या एकवीस, एकाचंही तोंड फुटलं नाही.

20 सप्टेंबर

सकाळी गादी उचलली. खाली प्लायवूड ओलं, कडेला फुगलेलं, एका कोपऱ्यात काळसर डाग. उकडीची वाफ होतीच, पण ती एकटी नाही. दोन माणसांच्या श्वासातूनच रात्रभरात अर्धा-एक लिटर पाणी बाहेर पडतं आणि ते सगळ्यांत थंड जागी, म्हणजे गादीखाली, जाऊन बसतं. आम्ही पलंगाची फळी सलग ठेवली होती, तिला भोकं पाडलेली नव्हती.

नवऱ्याने 35 मिलिमीटरच्या करवतीने फळीला 40 भोकं पाडली. गावातल्या दुकानातून काथ्याची चटई आणली, 27 युरो, ती कापून गादीखाली घातली. काथ्या ओल धरत नाही आणि हवा खेळू देतो. नारळाच्या सोडणाचं इतकं कौतुक मला कोकणात कधी वाटलं नव्हतं. यानंतर गादी प्रवासभर कोरडी राहिली.

दुपारी दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन बादलीत. शाडू तासाभरात विरघळली. मालकिणीची परवानगी घेऊन ते पाणी तिच्या ऑलिव्हच्या झाडाच्या बुंध्याशी घातलं. "परत या," असं ती आम्हाला म्हणाली. आम्ही बाप्पाला नुकतंच तेच म्हणून आलो होतो.

21 सप्टेंबर, मार्सेलिस

फ्रान्सच्या मोठ्या शहरांसाठी प्रदूषणाचं स्टिकर आधीच मागवलं होतं, पाच युरोंच्या आत मिळालं. आमच्या गाडीला 2 नंबर. टोलनाक्यावर मात्र दोन मीटरपेक्षा उंच म्हणून दुसऱ्या वर्गाचा दर लागतो. गाडी मेट्रोच्या शेवटच्या टोकाला लावली.

इथलं बंदर इसवी सनापूर्वी सुमारे 600 साली फोकाइयाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या, ग्रीकांनी वसवलं. फ्रान्समधलं सर्वांत जुनं शहर. आम्ही मात्र दुसऱ्याच कारणासाठी आलो होतो. 8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी मोरिया बोटीच्या पोर्टहोलमधून उडी मारली ती इथे. शाळेत धडा होता, चित्र होतं. पोहून ते धक्क्याला लागले, फ्रेंच शिपायाने पकडलं आणि ब्रिटिशांच्या ताब्यात परत दिलं. फ्रान्सच्या जमिनीवरून असं देणं योग्य होतं का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि 1911 साली निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला.

मोठ्या बोटींच्या धक्क्यांना आज कुंपण आहे, आत जाता येत नाही. सेंट जाँ किल्ल्याच्या तटावर चढलो, तिथून बंदराचं तोंड आणि बाहेरचे धक्के दोन्ही दिसतात. वारा जोराचा होता. नवरा बराच वेळ काही न बोलता पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पोर्टहोल केवढं असतं गं?" मी हातांनी गोल करून दाखवलं.

रात्री बॅटरी 54 टक्के. काल 70 होती. आज दिवसभर पॅनेलवर सावली असेल असं धरून सोडून दिलं. इथे थांबून बघायला हवं होतं.

22 सप्टेंबर, एग-मोर्त

सकाळी बॅटरी 38. दोन तास गाडी चालवून 41. दोन तासांत निदान 50 टक्के भरायला हवी होती.

पहिला संशय पॅनेलवर. शिडी लावून पुसून काढली, तास गेला, फरक शून्य. गाडी चालताना भरत नसेल तर दोष पॅनेलचा कसा असेल, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. मग वाटेतल्या एका गॅरेजमध्ये गेलो. त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणारं यंत्र, गेला म्हणून सांगितलं, 640 युरो, सुटा भाग सोमवारी येईल. आम्ही पैसे द्यायच्या बेतात होतो. माझं मन मानेना, कारण पुढची बॅटरी ठणठणीत होती. अल्टरनेटर गेला असता तर आधी ती रडली असती.

फ्रिज बंद केला. उरलेलं दही आणि पनीर त्याच दिवशी संपवलं. स्पेनमधल्या तारागोनाला उद्या सांता तेक्लाचा उत्सव, त्यात माणसांचे मोठे मनोरे उभे करतात, त्यासाठी सगळी आखणी केलेली, आणि आम्ही इथे अडकलो.

संध्याकाळी तासभर गावात. सरळ रेषांतला चौकोनी तट, जवळजवळ अखंड. फ्रान्सचा राजा नववा लुई 1248 साली इथूनच धर्मयुद्धाला निघाला. बंदराच्या वाटा पुढे गाळाने भरल्या, भोवती आता मिठागरं. तटाच्या टोकाला कॉन्स्टन्सचा बुरूज. प्रॉटेस्टंट धर्म सोडायला नकार दिला म्हणून मारी द्यूराँ नावाची बाई इथे 38 वर्षं कोंडलेली होती, 1730 ते 1768. आत गेली तेव्हा कोवळी मुलगी. वरच्या दालनाच्या मधोमध दगडी कठड्यावर एक शब्द कोरलेला आहे, अर्थ "प्रतिकार करा". अक्षरं वेडीवाकडी, खोल. त्यावर आता काच आहे. मी काचेवर हात ठेवला.

23 सप्टेंबर, नार्बोन

आजचा दिवस दोषामागे घालवायचा असं ठरवूनच बसले. ज्यांची बॅटरी नीट भरत नाही त्यांनी हे असंच्या असं करून बघा.

इंजिन चालू ठेवलं. पुढच्या बॅटरीवर 14.2 व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर ठीक. चार्जरच्या तोंडाशी 11.9. मध्ये दोन व्होल्टहून जास्त गायब, आणि तोंडाशी व्होल्ट कमी पडले की चार्जर स्वतःच माघार घेतो. आता गळती लाल तारेत की काळ्या? मल्टिमीटरची एक सळई पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी चार्जरच्या पॉझिटिव्हला: 0.3. चालेल. मग निगेटिव्ह ते निगेटिव्ह: 2.0. सापडलं.

सीटखालच्या त्या बोल्टला बोट लावलं तर चटका बसला. खोलून काढला. एप्रिलमध्ये मी तारेचं टोक रंगावरच आवळलं होतं. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम जोड मिळत होती, घरी तेवढी पुरली. आठवडाभर समुद्राची खारी हवा, त्यात मोदकांची वाफ, आणि टोकाभोवती हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड धरली होती.

काचपेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. नवीन टोक दाबून बसवलं, दातेरी वॉशर घातला, आवळला, वरून व्हॅसलीन फासलं. पुन्हा मोजलं: 0.1. चार्जर सरळ 29 अँपिअरवर गेला. खर्च 4 युरो 30 सेंट. वेळ दीड दिवस, त्यातला मोजायला लागला अर्धा तास. उरलेला सगळा वेळ अंदाज बांधण्यात गेला.

मोठ्याने हाक मारली, "अरे, झालं!" तो कपडे धूत होता, तसाच ओल्या हातांनी आला. आधी चहा केला, मग फ्रिज चालू केला.

संध्याकाळी नगरपालिकेच्या चौकात. फरसबंदीच्या खाली एक खड्डा मोकळा ठेवलाय, त्यात रोमनांच्या व्हिया दोमिशियाचा तुकडा. हा रस्ता इटलीला स्पेनशी जोडत असे. नार्बोन त्याच्यावर इसवी सनापूर्वी 118 साली वसलं. पोरं त्या दगडांवर बसून पिझ्झा खात होती, आम्हीही पायऱ्या उतरून बसलो. आम्ही आठवडाभर जी दिशा धरून चाललो होतो तीच ही.

24 सप्टेंबर, तारागोना

पहाटे चारला निघालो. स्पेनच्या हद्दीपासून किनाऱ्याचा एपी-7 महामार्ग आता टोलमुक्त आहे: तारागोनापर्यंतचा 2021च्या सप्टेंबरपासून, त्याच्या खालचा व्हॅलेन्सियाकडचा 2020पासून. जुन्या माहितीत टोल धरलेला असतो, बजेट करताना लक्षात ठेवा.

कालचे मोठे मनोरे चुकले. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण आजचा दिवस खांबांचा होता. स्पेनच्या या भागात, कातालोनियात, माणसांच्या मनोऱ्यांना कास्तेल म्हणतात. 2010पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. मी ठाण्याची, दहीहंडीचे थर बघत वाढले. खांदे धरून खालचा घेर बांधणं, वर चढणाऱ्याने खालच्याच्या पाठीवर पाऊल टाकणं, सगळं ओळखीचं. नवीन होता तो काळा कमरपट्टा. लांबच लांब कापड, एक जण टोक ताणून धरतो आणि दुसरा गिरक्या घेत त्यात स्वतःला गुंडाळून घेतो. कंबर जखडली जाते आणि चढणाऱ्याला पाय द्यायला पायरी मिळते. शेजारी सनईसारखं वाद्य, नाव ग्राया, आणि ढोल. खालच्यांना वर बघता येत नाही, सुरावरून त्यांना कळतं की थर कुठवर गेला.

आज हे खांब चालतात. एकावर एक चार माणसं, सर्वांत वर लहान मूल, डोक्यावर हेल्मेट. कॅथेड्रलच्या पायऱ्या उतरून ते गर्दीतून नगरपालिकेपर्यंत जातात. एक खांब आमच्यासमोरून गेला. तळाच्या माणसाचे पाय मला दिसले, कॅनव्हासचे बूट, प्रत्येक पाऊल फरशीवर आधी चाचपून मग टाकत होता. वरच्या मुलीचं तोंड घट्ट मिटलेलं. ती हलली की चौघंही हलत. माझ्या तोंडून "सांभाळ गं" निघून गेलं, शेजारच्या आजींनी माझा दंड धरला.

इथेही गाडी शहराच्या पूर्वेला समुद्राकडे, गावात चढून पायी. दुसऱ्या दिवशी समुद्राला पाठ लावून बसलेलं दुसऱ्या शतकातलं अ‍ॅम्फिथिएटर बघितलं.

26 सप्टेंबर, पेन्यिस्कोला

पाण्याच्या नळीची पकड ढिली झाली, रात्री सिंकखाली सहा लिटर सांडलं. दुहेरी क्लिप लावली, दोन युरो. त्यातल्या त्यात बरं, नवीन भोकांतून फळी लवकर वाळली.

स्पेनमध्ये गाडी उभी करून आत झोपणं आणि कॅम्पिंग करणं या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. खुर्ची बाहेर काढली, छत्री उघडली की ते कॅम्पिंग. त्यावर गावागावाचे नियम वेगळे, पाटी वाचा. शेजारच्या जोडप्याला पोलिसांनी उठवलं, आम्हाला नाही. फरक फक्त दोन खुर्च्यांचा. खडकावरचा टेंपलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा किल्ला बाहेरूनच पाहिला.

28 सप्टेंबर, व्हॅलेन्सिया

गुरुवार धरून आलो होतो. कॅथेड्रलच्या अपोस्तल दरवाजात दर गुरुवारी दुपारी बाराला पाण्याचं न्यायालय बसतं. भोवतालच्या शेतांना पाणी देणाऱ्या पाटांचे, शेतकऱ्यांनीच निवडलेले प्रतिनिधी काळे अंगरखे घालून गोल खुर्च्यांवर बसतात. शिपाई एकेका पाटाचं नाव घेऊन तक्रार आहे का विचारतो. सुनावणी तोंडी, निकाल तिथल्या तिथे. वकील नाही. 2009 साली युनेस्कोच्या यादीत आलं. आज तक्रारच नव्हती, पाच-सात मिनिटांत सगळे उठले. आजूबाजूचे पर्यटक हिरमुसले.

नवरा मात्र जागचा हलला नाही. तो धुळे जिल्ह्यातला, साक्रीकडचा. पांझरेच्या फडावर त्याच्या आजोबांची जमीन होती. फड पद्धतीतही बंधाऱ्याचं पाणी शेतकरीच वाटून घेतात, कुठल्या फडात कुठलं पीक ते मिळून ठरवतात, पाटकरी पाणी सोडतो आणि भांडण झालं तर पंच मिटवतात. तो म्हणाला, "आजोबा असते तर एखादी तक्रार घेऊन उभे राहिले असते." मग संध्याकाळी सायकली काढून आम्ही अल्बोरायाकडे खरे पाट बघायला गेलो. सिमेंटचा अरुंद पाट, लोखंडी फळीचं दार, फळीच्या बुडातून झिरपणारं पाणी आणि काठावर बसून सिगारेट ओढणारा एक म्हातारा. नवऱ्याने खुणेने विचारलं, पाळी तुमची का? त्याने घड्याळ दाखवलं, बोटांनी सात वाजता असं सांगितलं. दोघं सातपर्यंत बसून राहिले. फळी वर उचलायला नवऱ्याने हात लावला.

या एका संध्याकाळीसाठी मी बाकीची दोन शहरं सोडली असती. खरं तर सोडायलाच हवी होती. चार आठवड्यांच्या आत नऊ मुक्काम ठरवले, ते जास्त झाले. पाच पुरेत.

3 ऑक्टोबर, कार्ताहेना

पिठल्याला उकळी यायच्या आत गॅस संपला. जर्मनीची राखाडी टाकी स्पेनमध्ये बदलून मिळत नाही. आम्ही म्हणूनच कॅम्पिंगगॅझची निळी 907 टाकी, 2.75 किलोची, बसवली होती. युरोपात जवळपास सगळीकडे बदलून मिळते, पण महाग, इथे 24 युरो. रोज पोळी-भाजी-भात केला तर आम्हाला एक टाकी नऊ-दहा दिवस पुरली.

हे शहर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हास्द्रुबाल याने इसवी सनापूर्वी 227 साली वसवलं, 209 साली रोमनांनी जिंकलं. त्यांचं थिएटर घरांखाली गडप झालेलं होतं, सापडलं 1988 साली. संग्रहालयातून आत शिरायचं, जमिनीखालच्या बोगद्यातून चालत जायचं आणि एकदम उजेडात दगडी पायऱ्यांच्या ओळींवर बाहेर यायचं. माझ्या आधी चालणारी शाळेची पोरं तिथे पोहोचताच गप्प झाली. या मुक्कामात गाडीचं काहीच बिघडलं नाही.

8 ऑक्टोबर, घर

एकूण 4,310 किलोमीटर. डिझेल 702 युरो, टोल 214, राहण्याच्या जागा 386, गॅस 48, वाटेतल्या दुरुस्त्या 41. सर्वांत जास्त रात्रीला 34 युरो लागले, व्हॅलेन्सियात. गाडी बांधायला गाडीच्या किमतीव्यतिरिक्त 6,900.

9 फेब्रुवारी 2024

इटलीहून पत्र. 18 सप्टेंबर, संध्याकाळी 5 वाजून 12 मिनिटं, आमच्या नंबरप्लेटचा फोटो. परदेशी गाडीला ही नोटीस 360 दिवसांपर्यंत कधीही येऊ शकते, सुटलो असं समजू नका. पाच दिवसांत भरला तर दंडात 30 टक्के सूट असते. आजच भरला.

पंख्याचं नवं झाकण आलं, 68 युरो. दुपारी बसवलं. नवरा छतावर बादली घेऊन, मी आत टॉर्च घेऊन. तीन बादल्या ओतल्या. कोरडं.